सिस्टीमबाईंच्या हातातली टेप

माझी भाची नागपूरच्या मिहानमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मागच्या महिन्यात घरी आली आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "मावशी, हे बघ. जपानी लोकांनी कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमची चक्क मुलगी करून टाकलीय. कसली भारी कल्पना आहे ना?" चित्रात एक पोरगी होती. निळे केस, बशीएवढे डोळे, तोंड मात्र राईच्या दाण्याएवढं. मी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हटलं, "भारी कसली? ही आमच्या ऑफिसात भिंतीवर टांगलेली होती, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. फक्त केस हिरवे होते. आणि तिनं एकीची नोकरी जवळजवळ खाल्ली होती."

भाचीला वाटलं, मावशीचं वय झालं. म्हणून हे लिहून काढते आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला "संगणकक्षेत्रात स्त्रियांनी टाकलेलं धाडसी पाऊल" या अंगाने लिहायला सांगितलं होतं. धाडसबिडस काही नव्हतं. नागपूरचा मे महिना होता, आणि अख्ख्या ऑफिसात एसी फक्त मशीनच्या हॉलमध्ये होता. ऑपरेटरची जागा निघाली तेव्हा मी हिशेब खात्यात खसच्या कूलरखाली घामानं निथळत बसायचे. मी अर्ज केला तो गारव्यासाठी.

ऑफिसचं नाव लिहीत नाही, कारण पेन्शन तिथूनच येते. एक सरकारी महामंडळ होतं एवढं पुरे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे कॉम्प्युटर आला. आला म्हणजे हॉल भरून लोखंडी कपाटं आली. नारळ फुटला, कपाटांना कुंकू लागलं, आणि दारात चपला काढायचा नियम झाला. धुळीसाठी होता तो, पण लोक आत येताना हात जोडूनच येत. साहेब लोकांना हॉलचा खरा उपयोग उन्हाळ्यात कळला. टेप ठेवायच्या खोलीत कुणाचे आंबे, कुणाची संत्र्यांची पेटी, आणि एकदा एका बड्या साहेबांच्या मुलीच्या लग्नाचं श्रीखंड. दर महिन्याला दिल्लीला पाठवायचं सगळं उत्पादन-विवरण त्या श्रीखंडाच्या शेजारी दोन दिवस राहिलं. टेपला काही झालं नाही. श्रीखंडही चांगलं निघालं असं ऐकलं, आम्हाला काही मिळालं नाही.

आता सिस्टीम म्हणजे काय ते सांगते. रामदासपेठेत एखाद्या मोठ्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेलात तर बाहेर कंपाउंडर बसलेला असतो. आत कोण जाणार, कधी जाणार, कुणाचा एक्सरे आणायचा, कुणाला अजून तासभर ताटकळत ठेवायचं, हे तो ठरवतो. स्वतः औषध देत नाही, पण त्याच्याशिवाय डॉक्टरचं पान हलत नाही. कॉम्प्युटरच्या पोटात असाच एक कंपाउंडर बसलेला असतो, तो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, छपाईचं मशीन कुणाला द्यायचं, हे सगळं तो बघतो. त्याला एखादी टेप हवी असली की ऑपरेटरच्या टेबलावर घंटी वाजते आणि टाइप होऊन येतं, अमुक नंबरची टेप चढवा. टेप म्हणजे मोठ्या थाळीएवढी चकती. ती कपाटातून शोधायची, मशीनवर बसवायची, फीत ओवायची आणि "हो, चढवली" असं टाइप करून कळवायचं. तोवर सिस्टीम थांबून राहते आणि थोड्या थोड्या वेळानं पुन्हा घंटी वाजवते. हुकूम सोडणं हे तिचं काम, आणि हातपाय हलवणं आमचं.

आमच्या शिफ्टला हातपाय होते शालूचे. शालू कुहीकडची. घरी धानाची शेती, आठ माणसांचं कुटुंब, आणि बारावीनंतर टायपिंग शिकलेली ही एकटीच. सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळच्या एसटीनं जायची. रोजंदारीवर होती. रोजंदारी म्हणजे काम रोजचं, पण नोकरी आज आहे तर उद्या नाही. पर्मनंट पद मंजूर झालं तर तिचा नंबर पहिला होता, पण वयाची मर्यादा जवळ आली होती. ती उलटली की झालं. कुहीला तिचा बाप एसटी स्टँडवर भेटेल त्याला सांगायचा, "माही पोरगी कम्पुटर चालवते." बाहेरच्या दारावर "रोजंदारी कर्मचाऱ्यांनी मशीनला हात लावू नये" अशी पाटी होती, हे त्याला शालूनं कधी सांगितलं नाही.

आमचे विभागप्रमुख बेहेरे साहेब पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, फक्त पाहुणे आले की अंगात यायचं. आणि पाहुणे रोज यायचे. आमदार, कलेक्टर, शाळेच्या सहली, साहेबांच्या सासुरवाडीची मंडळी. सगळे एकच प्रश्न विचारत, "पण हे सगळं आतून करतं कोण?" बेहेरे साहेब सिस्टीम समजावून सांगायला लागले की पाहुणे एसीच्या झोतासमोर जाऊन उभे राहत. तेव्हा साहेबांनी ठरवलं, सिस्टीमचं चित्र पाहिजे. माणसासारखं. बघितल्याबरोबर कळलं पाहिजे.

चित्राचं काम टेंभुर्णे ड्राफ्ट्समनकडे आलं. हा नकाशे काढणारा माणूस, हात फार सुरेख. त्यानं विचारलं, "साहेब, सिस्टीम कशी दिसते?" ते बेहेरे साहेबांनाही माहीत नव्हतं. त्याच सुमारास छपाईचं नवं मशीन जपानहून आलं होतं. त्याच्या माहितीपुस्तकात पानोपानी एक छोटी पोरगी काढलेली होती. कुठं बटण दाबायचं, कुठं बोट घालायचं नाही, हे ती दाखवायची. डोळे हे एवढाले, तोंडाचा पत्ता नाही, आणि झबलं गुडघ्याच्या वर. टेंभुर्णेला ती आवडली. आठवड्याभरात त्यानं पुरुषभर उंचीची पोरगी पुठ्ठ्यावर उतरवली. केसांना त्यानं जंगलाचा हिरवा दिला, नकाशासाठी आणलेल्या बाटल्यांमध्ये तोच उरला होता.

मग ऑफिसनं तिच्यावर काम सुरू केलं. प्रशासन खात्यानं झबल्याला हरकत घेतली. झबलं लांब झालं. ते पुरेसं लांब नाही असं वित्त खात्याचं मत पडलं. पुन्हा लांब झालं. मग कुणीतरी म्हणालं, आपल्या संस्कृतीप्रमाणे साडी हवी. टेंभुर्णे वैतागला. "साडीतं ते जपानी कशी दिसन, गा? लग्नातल्या करवलीसारखी दिसन." शेवटी झबल्याचा पायघोळ झगा झाला. टिकली लावायची की नाही यावर बैठक झाली. त्या बैठकीला चहा-बिस्किटं होती. टिकलीच्या जागी महामंडळाचा बिल्ला लावावा असा निर्णय झाला, पण कपाळावर की छातीवर हे टिपणात राहून गेलं. टेंभुर्णेनं तो केसांत लावला.

डोळ्यांवरही आलं. बेहेरे साहेब म्हणाले, "डोळे जरा आवरते घ्या." टेंभुर्णे म्हणाला, "साहेब, तिले सगळ्याइवर नजर ठेवा लागते. बारके डोळे करून कसं जमन?" हे साहेबांना पटलं. डोळे तेवढे वाचले.

पुस्तकातल्या पोरीचा एक हात वर होता आणि रिकामा होता. टेंभुर्णेला रिकामा हात काही बरा दिसेना. उघडा पंजा, बस थांबवल्यासारखा. म्हणून त्यानं त्या हातात टेपची चकती दिली. चित्र टांगलं त्या दिवशी शालू बराच वेळ ते बघत उभी राहिली. मग टेंभुर्णेला म्हणाली, "टेंभुर्णेभाऊ, इच्या हातात टेप काहून देली गा? टेप तं मी लावतो." टेंभुर्णे हसला. "अवं, चित्र हाये ते. तुले काढलं असतं तं लोकं म्हणले असते, हे शालूच हाये, सिस्टीम कुठी हाये?" शालूही हसली. आम्ही सगळेच हसलो.

तिचं नाव सिस्टीमबाई पडलं. कुणी पाडलं माहीत नाही. महिन्याभरात लोक बाईंना नमस्कार करायला लागले. बदलीची वाट बघणारे एक हेडक्लार्क रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन बाईंपुढे उभे राहत आणि हळूच विचारत, "बाई, अकोल्याचं काही झालं का?" एका बाईनं मुलाची पत्रिका आणली होती. मी म्हटलं, इथं स्टोअरच्या नटबोल्टचा हिशेब होतो. ती म्हणाली, "तुम्हाला नाही विचारत, यांना विचारते." दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर असतो, म्हणून ऑफिसातली यंत्रपूजा मी कधी बघितली नव्हती. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर बाईंच्या गळ्यात झेंडूचा हार आणि पायाशी उदबत्तीची राख. छप्पन्न साली माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव नेऊन नदीत सोडले होते. आणि त्यांची मुलगी एसीत बसून झग्यातल्या जपानी देवीची राख पुसत होती. मला हसू आलं आणि रागही आला. राख पुसल्यावाचून गत्यंतर नव्हतं, धूळ मशीनला चालत नाही.

काम वेळेवर झालं की लोक म्हणत, बाईंनी केलं. अडलं की विचारत, ऑपरेटर कोण होतं? एकदा वीज गेली आणि अर्ध्यावरचं काम वाया गेलं, तेव्हाही मेमो मला आला. बाईंना कुणी काही विचारलं नाही. त्या डोळे विस्फारून उभ्याच होत्या.

इथवर थट्टा होती. पुढचं मात्र थट्टेचं नाही, जरी ते तिथूनच निघालं.

आमच्या ऑफिसची एक पद्धत होती. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कामाचा चार्ट भिंतीवर लावायचा. नाव, पद, खाली कामांचे मुद्दे, खाली साहेबांची सही. बेहेरे साहेबांच्या डोक्यात आलं, सगळ्यांचे चार्ट आहेत तर बाईंचाही हवा, भिंत सारखी दिसेल. तो चार्ट त्यांनी चित्राकडे बघून तयार केला. कामांची क्रमवारी लावणे. छपाईवर देखरेख. बिघाड कळवणे. कामांची नोंद ठेवणे. आणि मुद्दा पाचवा, टेप चढवणे व उतरवणे, कारण टेप बाईंच्या हातातच होती. झोकदार सही केली. त्याचा फोटो मुख्यालयाला गेला. मुख्यालयाला तो इतका आवडला की आदर्श नमुना म्हणून बाकीच्या ऑफिसांना पाठवला गेला.

शालूचा चार्ट नव्हता. रोजंदारीवाल्यांचे चार्ट लावायची पद्धत नव्हती.

नंतर मनुष्यबळाचा आढावा घ्यायला मुख्यालयातून सक्सेना साहेब आले. कुठली पदं ठेवायची, कुठली नवी द्यायची, हे त्यांच्या हातात. शालूच्या पदाचा प्रस्ताव त्यांच्याचपुढे होता. ते हॉलमध्ये आले आणि भिंतीवरचे चार्ट एकामागून एक मोठ्यानं वाचत गेले, मागे त्यांचा माणूस लिहून घेत होता. बाईंच्या चार्टापाशी आले तेव्हा मधे शालू उभी होती, टेप मशीनवर बसवायच्या तयारीत. सक्सेना साहेब अगदी अदबीनं म्हणाले, "बेटा, ज़रा हट जाओ, पढ़ना है." शालू टेप हातात घेऊन बाजूला झाली. त्यांनी तिच्या मागचा पाचवा मुद्दा वाचला. टेप चढाना और उतारना. लिख लो.

प्रस्ताव फेटाळला गेला. सदर काम आधीच दुसरीकडून होत असल्यामुळे पदाची गरज नाही. बेहेरे साहेबांनी मला आत बोलावून सांगितलं. चेहरा पडलेला होता, पण चार्ट चुकला असं म्हणायची त्यांची तयारी नव्हती. तोच चार्ट आदर्श नमुना झाला होता ना. "पहिल्या तारखेपासून तिला येऊ नको म्हणा," एवढंच बोलले. मी म्हटलं, "साहेब, एका पुठ्ठ्यानं तिची नोकरी घेतली." ते म्हणाले, "वासनिक मॅडम, आपण भावनेच्या आहारी जातोय."

शालूला मी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "मॅडम, बाबाले काय सांगू? पुतळीनं माही नोकरी खाल्ली म्हणू?"

शालू गेल्यावर काही दिवस मी दोघींचं काम केलं. हुकूमही मीच वाचायचे, टेपाही मीच चढवायचे. मग कळलं, सक्सेना साहेब हरकती ऐकायला पुन्हा येणार आहेत. तारीख बघितली तर तोच दिवस महिन्याच्या विवरणाचा होता. संध्याकाळच्या विमानानं ते दिल्लीला गेलंच पाहिजे असा शिरस्ता होता. आदल्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, उद्या कदाचित मी सस्पेंड होईन. त्याची गिरणी आज बंद पडते की उद्या अशी गत होती. घरात दोन मुलं. तो जेवता जेवता म्हणाला, "ज्याच्यासाठी होशील ते खरं आहे ना? मग हो." मला एवढंच हवं होतं.

त्या दिवशी शालूही आली होती, अनुभवाचा दाखला न्यायला. दाखल्यावर सही व्हायची होती म्हणून हॉलच्या दाराशी बाकावर बसली होती. सक्सेना साहेब आले, बेहेरे साहेबांनी चहा मागवला. मी विवरणाचं काम सुरू केलं आणि खुर्चीत नीट बसले. घंटी वाजली. टाइप होऊन आलं, टेप चढवा. मी ते वाचलं आणि हाताची घडी घातली.

घंटी पुन्हा वाजली. बेहेरे साहेब कप खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, सिस्टीम टेप मागतेय."

"हो साहेब. बाईंकडे मागतेय."

"बाईंकडे?"

"बाईंचा चार्ट, मुद्दा पाचवा. माझ्या चार्टात टेप नाही. दोन्हींवर आपलीच सही आहे."

घंटी वाजली. सक्सेना साहेबांनी मान वर केली. "क्या हुआ?" मी माझ्या सीताबर्डी छाप हिंदीत सांगितलं, "साहब, सिस्टीम को टेप होना. और चार्ट के हिसाब से टेप सिस्टीम ही चढ़ाती है."

ते उठून चार्टापाशी गेले, पाचवा मुद्दा पुन्हा वाचला, मग चित्राकडे बघितलं. "मतलब ये खुद से ही माँग रही है?"

"जी साहब. कब से माँग रही है. देती ही नहीं."

बेहेरे साहेबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "मॅडम, हा असहकार आहे. टेप लावा." मी म्हटलं, "लेखी द्या साहेब, की टेप चढवणं हे सिस्टीमचं काम नाही. लगेच लावते." ते देऊ शकत नव्हते. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही कळलं.

"तो इतने दिन कौन चढ़ाता था?" सक्सेना साहेबांनी विचारलं. रोजंदारीवाल्यांनी मशीनला हात लावायचा नाही, ही पाटी दारावरच होती. बेहेरे साहेब छताकडे बघायला लागले. घंटी वाजली.

दारातून शालूचा आवाज आला. "मॅडम, मी लावून देऊ का वं? कवाची घंटी वाजून राहिली. मले नाही पाहवत." ती उठून उभी राहिली होती. चपला काढून झाल्या होत्या.

"बस तिथंच," मी ओरडले. "हात नको लावू."

ती बसली. मला इतकं वाईट वाटलं की आजही आठवलं तरी वाटतं. जिला तिथून हाकललं होतं, तिलाच त्या घंटीची काळजी होती.

सक्सेना साहेबांनी एकदा शालूकडे बघितलं, तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं, आणि त्यांना सगळं उमगलं असावं. माणूस मुरलेला होता. त्यांनी चित्रकाराला बोलावलं. टेंभुर्णे कानावर ब्रश ठेवूनच आला. "इनके हाथ में टेप क्यों दी?" टेंभुर्णे खरं बोलला. "साब, हाथ खाली था. खाली हाथ अच्छा नहीं दिखता."

बेहेरे साहेबांना सुटका दिसली. म्हणाले, मग मुद्दा पाचवा आपण खोडून टाकू. सक्सेना साहेब थंडपणे म्हणाले, "बेहेरे जी, ये चार्ट मुख्यालय ने मंज़ूर किया है. सब दफ़्तरों में गया है. मैं कैसे लिखूँ कि ग़लत है?" घंटी वाजली. त्यांनी दिल्लीच्या विमानाची वेळ विचारली, घड्याळात बघितलं, आणि उरलेला चहा पिऊन टाकला. मग तोडगा काढला. चार्ट बरोबर आहे. टेप बाईच चढवतात. परंतु कामाचा वाढता बोजा लक्षात घेता बाईंना मदतीची गरज आहे. सबब एक पद, सिस्टीम सहायक. तिथंच टिपण लिहून सही केली. बेहेरे साहेबांनी खाली सही केली. इतक्या आनंदानं सही करणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

शालू आत आली, टेप काढली, ओवली, आणि घंटी थांबली. विवरण विमानानं गेलं. मला नंतर मेमो आलाच, "उद्धट वर्तन" असा. तो मी जपून ठेवला आहे.

अशी शालू पर्मनंट झाली, एका पुठ्ठ्याची सहायक म्हणून. तिचा चार्ट लागला, तो बाईंच्या पायाशी. "सिस्टीमला टेप चढवण्यास मदत करणे." तिनं पेढे आणले आणि पहिला पेढा चित्रापुढे ठेवला. मी चिडले. "काहून वं? इनं काय केलं तुह्यासाठी?" शालू शांतपणे म्हणाली, "मॅडम, थे भित्तीवर आहे तोवरच मी आहो." बेहेरे साहेब या कल्पनेवर व्याख्यानं देत बढती घेऊन मुंबईला गेले. टेंभुर्णेला प्रशासनानं विचारलं की जंगलाचा हिरवा रंग इतका कुठे खर्च झाला.

दशक संपता संपता जुनं मशीन भंगारात निघालं. ट्रक आला, कपाटं गेली, एसीही उतरवला. रिकाम्या हॉलमध्ये बाई आणि त्यांच्याखाली स्टुलावर शालू, एवढंच उरलं. भंगार समितीचा एक तरुण अधिकारी म्हणाला, हा पुठ्ठाही टाका ट्रकमध्ये. शालू उठून चित्रापुढे उभी राहिली. "मशीन न्या, एसी न्या. बाईले हात लावाचा नाही."

"का?"

"थे माह्या साहेब आहे."

अधिकारी हसला. मी हसले नाही, मी जाऊन शालूशेजारी उभी राहिले. त्यानं आस्थापना खात्यात विचारलं, आणि तिथूनही उत्तर आलं की सिस्टीम नसेल तर सिस्टीम सहायक हे पद कशाच्या आधारावर ठेवणार, तेव्हा तूर्त चित्र राहू द्यावं. नव्या हॉलमध्ये बाईंना मानानं खिळा मिळाला. शालू रोज सकाळी त्यांची धूळ पुसायची. प्रेमानं नव्हे. दात-ओठ खाऊन पुसायची, मी बघितलं आहे. पुढची सगळी नोकरी तिनं अशीच केली.

भाचीला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, चित्राचा फोटो हवा, मित्रांना दाखवते. चित्र शालूकडेच आहे. रिटायर झाली त्या दिवशी ती ते एसटीच्या टपावर टाकून कुहीला घेऊन गेली. गेल्या रविवारी आम्ही दोघी कुहीला गेलो. धानाच्या पोत्यांच्या खोलीत बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. झगा विटला होता, केस अजून हिरवे होते, डोळे तसेच टक्क उघडे. भाची फोटो काढता काढता थांबली. "मावशी, तू तर म्हणाली होतीस यांच्या हातात टेप आहे."

हात रिकामा होता. चकतीच्या जागी पांढऱ्या ऑइलपेंटचा जाड थर होता, ओबडधोबड, दाराला देतात तसा. मी शालूकडे बघितलं.

"पेन्शन सुरू झाली नं मॅडम, त्याच दिवशी पुसली," शालू म्हणाली. "माही होती थे. घेतली वापस."